पाच विद्यार्थिनींचे विद्यापीठ

आद्य तीर्थंकर भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन कन्यांना विद्या दिली, ब्राह्मीस लिपी शिकविली आणि सुंदरीस अंक शिकविले, ही कथा जैन घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. अक्षर आणि आकडा या दोन्ही विद्यांचा आरंभ ज्या परंपरेत कन्यांपासून मानला गेला, त्या परंपरेतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुलीच्या हाती पाटी देणारी घरे थोडीच होती. सगळ्याच समाजांची स्थिती अशी होती. बालविवाह, अकाली वैधव्य आणि माजघराचा अंधार यांच्याशी झगडत महाराष्ट्रात स्त्रीशिक्षणाची जी वाट निघाली, तिचे एक महत्त्वाचे वळण पुण्याजवळच्या हिंगणे या खेड्यात आहे. तेथे १९१६ साली हिंदुस्थानातील पहिले महिला विद्यापीठ स्थापन झाले. ते सरकारी नव्हते, संस्थानी नव्हते, कोणत्याही कायद्याने जन्मास आलेले नव्हते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर ते एक छोटेसे खासगी विद्यापीठ होते आणि त्याचे पहिले महाविद्यालय पाच विद्यार्थिनींनिशी सुरू झाले.

शहराच्या पूर्वेस नगर रस्त्यावर वसलेल्या खराडीचा आणि नैर्ऋत्येच्या हिंगण्याचा वरवर पाहता काही संबंध नाही. खराडी हे १९९७ सालापर्यंत महानगरपालिकेच्या हद्दीबाहेरचे शेतकऱ्यांचे गाव होते. पाहता पाहता तेथे संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, नव्या वसाहती झाल्या आणि गावोगावची कुटुंबे येथे स्थायिक झाली. पुण्याच्या भोवताली आता स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठेही अनेक आहेत. दहावी-बारावीचे निकाल लागले की घरोघर तेच प्रश्न विचारले जातात : विद्यापीठास मान्यता आहे काय? अभ्यासक्रम कोणता? माध्यम कोणते? फी किती? पदवीचा पुढे उपयोग काय? हे प्रश्न नवे वाटतात, परंतु पुण्यात ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी विचारले गेले होते. त्यांची उत्तरे काहींनी आयुष्य वेचून दिली. म्हणून तो इतिहास जाणून घेणे उपयोगाचे ठरेल.

हिंगण्याचा माळ

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात झाला. मुरूड हे त्यांचे गाव. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली ते गणित घेऊन पदवीधर झाले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापन करू लागले. पहिल्या पत्नीच्या निधनानंतर त्यांनी १८९३ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विद्यार्थिनी, विधवा असलेल्या गोदूबाई यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच पुढे आनंदीबाई अथवा बाया कर्वे या नावाने ओळखल्या गेल्या. या विवाहामुळे मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना बहिष्कृत केले.

विवाहाने एका विधवेचा प्रश्न सुटतो, शिक्षणाने अनेकींचा सुटू शकतो, हे कर्व्यांनी लवकरच ओळखले. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. नाव बालिकांचे असले तरी आश्रम प्रामुख्याने विधवांसाठी होता. पुढे पुण्यात प्लेगची साथ आली आणि शहरात आश्रम चालविणे कठीण होऊ लागले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगणे येथील सहा एकर जमीन आश्रमास दिली आणि १९०० साली आश्रम तेथे हलला. माळावर एक झोपडी उभी राहिली. ती कर्वेनगरच्या गजबजाटात आजही जतन करून ठेवलेली आहे.

त्या वेळी हिंगण्यास जावयास धड रस्ता नव्हता. फर्ग्युसनमधील अध्यापन संपवून कर्वे पायी हिंगण्यास जात, आश्रमातील मुलींना शिकवीत आणि सकाळी पुन्हा पायी शहरात परतत. पावसाळ्यात ही वाट चिखलाची असे. आश्रमात नोकरचाकर ठेवण्याची ऐपत नव्हती, त्यामुळे स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्याची शुश्रूषा हा सारा भार आश्रमवासी स्त्रियांवरच असे. आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा. त्या आश्रमाच्या व्यवस्थेत आल्या आणि पुढे आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत गावोगाव फिरल्या. इंग्रजी शिकावे आणि संस्थेस मदत मिळवावी या हेतूने त्या १९१८ साली अमेरिकेस गेल्या व तेथे घरकाम करून राहिल्या. ज्या काळी विधवेने उंबरठा ओलांडणे अपशकुन मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे.

१९०७ साली कुमारिकांसाठी महिला विद्यालय निघाले आणि १९०८ साली निष्काम कर्म मठाची स्थापना झाली. अल्प वेतनावर आजन्म काम करणाऱ्या सेवकांचा तो संघ होता. अशा रीतीने विद्यापीठाची कल्पना सुचण्यापूर्वीच जागा, शाळा, विद्यार्थिनी आणि निरलस कार्यकर्ते या चार गोष्टी हिंगण्यास तयार होत्या. विद्यापीठ आकाशातून पडले नाही, वीस वर्षांच्या शाळेतून ते वाढले. आज जमीन व इमारत प्रथम होते आणि शिक्षक व विद्यार्थी यांचा शोध नंतर सुरू होतो. त्या पार्श्वभूमीवर हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

जपानहून आलेली पुस्तिका

१९१४ साली कर्वे फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. त्यानंतरच्या वर्षी मुंबईस भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांना देण्यात आले. भाषणाची तयारी चालू असताना टोकिओच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांनी वाचली. ती काही काळापूर्वीच त्यांच्याकडे आली होती, पण तशीच पडून राहिली होती. नारुसे जिंझो या शिक्षणतज्ज्ञाने १९०१ साली ते विद्यापीठ काढले होते. गृहशास्त्र, जपानी वाङ्मय आणि इंग्रजी वाङ्मय असे त्याचे आरंभीचे तीन विभाग होते, आणि सर्व शिक्षण जपानी भाषेतून दिले जात होते. स्वभाषेतून उच्च शिक्षण देता येते व मुलींसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आखता येतो, ही गोष्ट एका आशियाई राष्ट्राने करून दाखविली होती.

डिसेंबर १९१५ मधील आपल्या अध्यक्षीय भाषणात कर्व्यांनी महाराष्ट्रासाठी तशाच महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि अवघ्या पाच महिन्यांत ती प्रत्यक्षात आली. वर्गणीदार पदवीधरांच्या मतदानातून साठ सभासदांची सिनेट बनविण्यात आली आणि जून १९१६ च्या आरंभी तिची पहिली सभा पुण्यास भरली. ३ जून १९१६ हा विद्यापीठाचा स्थापनादिन होय. मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद पूर्वी भूषविलेले डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे कुलपती झाले. केंब्रिजचे सीनिअर रँग्लर आणि फर्ग्युसनचे प्राचार्य रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कुलगुरू झाले. त्याच पावसाळ्यात हिंगण्यास महिला पाठशाळा या नावाने महाविद्यालय सुरू झाले. विद्यार्थिनी पाच होत्या.

त्या वर्षी देशात विद्यापीठांची चर्चा सर्वत्र होती. बनारस हिंदू विद्यापीठाची कोनशिला १९१६ च्या फेब्रुवारीत बसविण्यात आली आणि म्हैसूर विद्यापीठही त्याच वर्षी निघाले. परंतु बनारसला मध्यवर्ती कायद्याचा आधार होता, म्हैसूरला महाराजांचा होता. हिंगण्याच्या विद्यापीठामागे होते ते वर्गणीदारांच्या नावांचे एक चोपडे. ज्यांनी पदवी देण्याचा अधिकार कोणाकडून घेतलाच नव्हता, त्यांनी पदवी देण्याचे ठरविले होते. अनेक सुशिक्षितांना हे धाडस वाटले, काहींना तो पोरखेळ वाटला.

काय शिकवावे, कोणत्या भाषेत शिकवावे

या विद्यापीठाचा खरा वेगळेपणा त्याच्या अभ्यासक्रमात होता. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक आणि त्यापुढील पदवी यांचा सारा डोलारा इंग्रजीवर उभा होता. मुलगी बुद्धिमान असली तरी इंग्रजी माध्यमातून भूमिती व इतिहास शिकण्यातच तिची शक्ती खर्ची पडे आणि तोवर लग्नाचे वय, त्या काळच्या समजुतीप्रमाणे, उलटून जाई. कर्व्यांनी याचे उत्तर तीन सूत्रांत बसविले. पहिले सूत्र, शिक्षण मातृभाषेतून. दुसरे सूत्र, इंग्रजी सक्तीचे, परंतु एक विषय म्हणून. तिसरे सूत्र, संसार करणाऱ्या स्त्रीस ज्यांचा रोज उपयोग होईल अशा विषयांना पदवीच्या अभ्यासात मानाचे स्थान.

त्यानुसार मातृभाषा, इंग्रजी आणि इतिहास यांच्या जोडीला आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था आणि बालमानसशास्त्र हे विषय अभ्यासक्रमात आले. संस्कृत, शास्त्र, चित्रकला, संगीत यांसारखे विषय ऐच्छिक होते. विशेष म्हणजे ज्यांचे अर्धे आयुष्य गणित शिकविण्यात गेले, त्या कर्व्यांनी पदवीच्या वर्गात गणित ऐच्छिक ठेवले. स्वतःच्या आवडीचा विषय सर्वांवर लादण्याचा मोह त्यांनी टाळला. पदवीचा अभ्यासक्रम प्रवेश परीक्षेनंतर तीन वर्षांचा होता. पदवीस बी. ए. न म्हणता ‘गृहीतागमा’ अर्थात जी. ए. असे नाव दिले गेले आणि त्यापुढील पदवीस ‘प्रदेयागमा’ अर्थात पी. ए. म्हणण्यात आले. जिने विद्या ग्रहण केली ती गृहीतागमा, जी ती दुसऱ्यास देऊ शकते ती प्रदेयागमा. या दोन शब्दांत शिक्षणाचा सारा आशय आला आहे.

हा अभ्यासक्रम चालविणे सोपे नव्हते. महाविद्यालयीन दर्जाची मराठी व गुजराती पुस्तके तेव्हा फारच थोडी होती. इंग्रजी ग्रंथ वाचावयाचा, व्याख्यान मराठीत ऐकावयाचे आणि उत्तरपत्रिका मराठीत लिहावयाची, अशी तिहेरी कसरत शिक्षक व विद्यार्थिनी दोघांनाही करावी लागे. परिभाषा घडवीत घडवीत शिकवावे लागे. उस्मानिया विद्यापीठाने उर्दूतून उच्च शिक्षण देण्याचा उपक्रम केला तो १९१८ साली, आणि त्यामागे निजामाचा खजिना होता. हिंगण्याने तो त्यापूर्वी दोन वर्षे रिकाम्या तिजोरीवर केला.

इंग्रजीच्या सक्तीवरून मतभेदही झाले. महात्मा गांधींना मातृभाषेचे माध्यम पूर्ण मान्य होते, पण इंग्रजी ऐच्छिक असावे असे त्यांचे मत होते. कर्व्यांनी आपला आग्रह सोडला नाही. इंग्रजी न येणारी पदवीधर स्त्री समाजात कमी लेखली जाईल, हे त्यांचे म्हणणे होते. गांधीजींनी मतभेद कायम ठेवूनही या कार्यास आपला पाठिंबा दिला. तत्त्वावर वाद आणि कार्यास साहाय्य या दोन्ही गोष्टी एकाच वेळी करता येतात, हे त्या पिढीने दाखवून दिले.

या अभ्यासक्रमावर दुसऱ्या बाजूने होणारा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही. स्त्रीसाठी वेगळे विषय आखणे म्हणजे तिचे क्षेत्र घरापुरतेच मानणे नव्हे काय, असा हा आक्षेप आहे. पुढे फर्ग्युसनसारख्या महाविद्यालयांत मुलांच्या बरोबरीने शिकणाऱ्या मुलींची संख्या वाढली, तेव्हा या आक्षेपास बळ मिळाले. परंतु १९१६ सालच्या बापास ‘मुलीला बी. ए. करा’ असे सांगून तो तिला घराबाहेर पाठविणारा नव्हता. ‘आरोग्य, बालसंगोपन आणि स्वभाषा शिकवू’ असे सांगितले तर निदान विचार करणारा होता. समाज जेथे उभा आहे तेथून त्याला एक पाऊल पुढे न्यावयाचे, ही कर्व्यांची रीत होती. ती काहींना संथ वाटली, पण त्या पावलाने दार उघडले हे कोणी नाकारू शकत नाही.

वर्गणी, देणगी आणि अटी

कोणतीही संस्था शेवटी हिशेबाच्या वहीवर उभी असते. या विद्यापीठाने आरंभी मोठा दाता शोधला नाही. पदवीधरांकडून व हितचिंतकांकडून लहान लहान वार्षिक वर्गण्या घ्यावयाच्या आणि वर्गणीदारास सिनेटच्या निवडणुकीत मताचा अधिकार द्यावयाचा, अशी योजना होती. यात पैसा थोडा येई, परंतु माणसे जोडली जात. वर्षाला काही रुपये देणारा गृहस्थ त्या संस्थेस आपली मानू लागे. कर्वे वर्षानुवर्षे या वर्गण्यांसाठी हिंडले. सत्तरी ओलांडल्यानंतर १९२९ साली ते युरोप, अमेरिका व जपानच्या प्रवासास निघाले, ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने प्रेरणा दिली ते टोकिओत प्रत्यक्ष पाहिले, आणि परतल्यावर लगेच आफ्रिकेतील हिंदी व्यापाऱ्यांकडे मदतीसाठी गेले.

विद्यापीठाचे भाग्य उजळले ते १९२० साली, आणि तेही एका कापड-गिरणीमालकामुळे. सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे मुंबईच्या गिरणी व्यवसायातील अग्रगण्य नाव होते. सहकारी चळवळीतही त्यांचे स्थान मोठे होते. लल्लूभाई सामळदास यांच्या समवेत त्यांनी १९११ साली मुंबईत सहकारी मध्यवर्ती बँक उभी केली, तीच पुढे महाराष्ट्र राज्य सहकारी बँक झाली. जगप्रवासात त्यांनी पत्नी प्रेमलीलाबाईंसह टोकिओचे महिला विद्यापीठ पाहिले आणि परत आल्यावर कर्व्यांच्या विद्यापीठास पंधरा लाख रुपये देण्याचे जाहीर केले. मातोश्रींच्या स्मरणार्थ विद्यापीठाचे नाव श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी भारतवर्षीय महिला विद्यापीठ असे झाले. आज सर्वजण त्यास एस. एन. डी. टी. म्हणून ओळखतात.

या देणगीची घडण व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पंधरा लाखांची रक्कम विद्यापीठाच्या हाती एकदम पडली नाही. त्यावर साडेतीन टक्के दराने होणारे व्याज, म्हणजे वर्षाला ५२,५०० रुपये, विद्यापीठास मिळावयाचे होते. मुद्दल सुरक्षित राहावे आणि खर्च व्याजातून चालावा, हा कोणत्याही जुन्या पेढीचा नियम येथे लावला गेला. सोबत अटीही होत्या. नावाची एक, आणि पुढे मुख्य ठाणे मुंबईस नेण्याची दुसरी. पै-पैची वर्गणी मोजणाऱ्या संस्थेस वर्षाला साडेबावन्न हजारांची निश्चिती मिळाली, तेव्हा पगार वेळेवर होऊ लागले आणि नव्या शाळा व पाठशाळा काढता आल्या. मुंबईत आणि गुजरातेतही काम पसरले. मराठीबरोबर गुजराती माध्यमातूनही पदवीपर्यंत शिकण्याची सोय झाल्याने गुजराती बोलणाऱ्या व्यापारी घरांतील मुलींनाही हे दार खुले झाले.

परंतु सर विठ्ठलदास १९२२ च्या ऑगस्टमध्ये दिवंगत झाले. दाता हयात असतो तेव्हा अटींचा अर्थ तो स्वतः सांगू शकतो; त्याच्या पश्चात तो कागदावरील शब्दांतून काढावा लागतो. पुढे देणगीचे विश्वस्त आणि विद्यापीठ यांच्यात मतभेद उत्पन्न झाले आणि व्याजाची रक्कम काही काळ थांबली. कर्वे त्या वेळी पंचाहत्तरीच्या घरात होते. संस्था बंद पडते की काय अशी वेळ आली. अखेर १९३५ च्या सुमारास समेट झाला आणि १९३६ साली विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. हिंगण्याच्या माळावर सुरू झालेले विद्यापीठ पुण्याबाहेर जाणे अनेकांच्या जिवाला लागले, परंतु देणगी घेताना ती अट मान्य केलेली होती आणि ती पाळली गेली. पुण्यातील महाविद्यालय मात्र पुण्यातच राहिले. कर्वे रस्त्यावरील त्याचे आवार आजही मुलींनी गजबजलेले असते.

लेडी प्रेमलीला ठाकरसी यांनी पतीचे हे कार्य अर्धवट सोडले नाही. विद्यापीठाच्या कारभारात त्यांनी दीर्घकाळ लक्ष घातले आणि कायदेशीर मान्यतेनंतर कुलगुरुपदाची धुराही वाहिली. खराडीहून शहराकडे येताना येरवड्याच्या टेकडीवरील ‘पर्णकुटी’ हे त्यांचेच निवासस्थान. १९३३ च्या मे महिन्यात एकवीस दिवसांच्या उपवासास आरंभ होताच महात्मा गांधींची येरवड्याच्या तुरुंगातून सुटका झाली, तेव्हा तो उपवास त्यांनी याच वास्तूत पूर्ण केला. नगर रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांपैकी किती जणांना त्या टेकडीचा आणि महिला विद्यापीठाचा संबंध ठाऊक असेल!

मान्यतेविना पस्तीस वर्षे

१९१६ ते १९५१ अशी पस्तीस वर्षे या विद्यापीठाच्या पदवीस सरकारी मान्यता नव्हती. या एका वाक्यात किती जणींची घालमेल सामावलेली आहे याची कल्पना आज येणे कठीण आहे. जी. ए. झालेल्या मुलीस सरकारी नोकरीसाठी ती पदवी दाखविता येत नसे. दुसऱ्या विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी ती धरली जाईलच असे नव्हते. मग या मुलींनी शिकावे तरी कशासाठी?

त्याचे उत्तर त्या मुलींच्या आयुष्याने दिले. अनेकजणी मुलींच्या शाळांत शिक्षिका झाल्या, मुख्याध्यापिका झाल्या. ज्या संस्थेने त्यांना शिकविले तिच्याच सेविका झाल्या. साहित्यसम्राट न. चिं. केळकर यांच्या कन्या कमलाबाई देशपांडे या जी. ए. झाल्या आणि त्यानंतर प्रागच्या विद्यापीठातून त्यांनी पीएच. डी. मिळविली. प्राचीन भारतातील बालक हा त्यांच्या प्रबंधग्रंथाचा विषय होता. मुंबई सरकारने न मानलेल्या पदवीच्या आधारे एक मराठी स्त्री युरोपात डॉक्टर झाली. कर्व्यांच्या स्नुषा, विख्यात मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनीही १९३० नंतरच्या काही वर्षांत विद्यापीठाच्या रजिस्ट्रारपदाचा भार सांभाळला.

तरीही हे मान्य करावयास हवे की, मान्यतेच्या अभावी विद्यार्थिनींची संख्या मर्यादित राहिली. ज्ञान आणि शिक्का यांत ज्ञान श्रेष्ठ असे म्हणणे सोपे आहे, पण ज्या मुलीस उपजीविका करावयाची आहे तिला शिक्काही लागतो. विद्यापीठाने मान्यतेची खटपट कधी सोडली नाही. मात्र मान्यतेसाठी मातृभाषेचे माध्यम सोडण्यास ते तयार झाले नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ साली या विद्यापीठाचा कायदा केला आणि १९५१ साली ते वैधानिक विद्यापीठ झाले. टोकिओच्या ज्या विद्यापीठापासून कर्व्यांनी स्फूर्ती घेतली, त्यासही जपानी कायद्याने विद्यापीठाचा दर्जा १९४८ सालीच मिळाला, हा योगायोग लक्षणीय आहे. गुरू आणि शिष्य दोघांनीही दशकानुदशके मान्यतेशिवायच काम केले.

टिळकांच्या स्मरणार्थ १९२१ साली पुण्यात स्थापन झालेल्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचीही वाट अशीच खडतर होती. असहकाराच्या चळवळीतून निघालेल्या त्या संस्थेस अभिमत विद्यापीठाचा दर्जा १९८७ साली मिळाला. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ ची. म्हणजे पुण्यात सरकारी विद्यापीठ येण्यापूर्वी लोकांच्या वर्गणीवर चालणारी दोन विद्यापीठे होऊन गेली होती. पुण्यास विद्येचे माहेरघर म्हणतात त्यामागे हा इतिहास आहे.

जैन समाजातील समांतर प्रवाह

हिंगण्यास हे कार्य चालू असताना जैन समाजही स्वस्थ नव्हता. मुंबईचे दानशूर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी ठिकठिकाणी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांना साहाय्य केले. त्यांच्या कन्या मगनबाई यांना तरुणपणीच वैधव्य आले. पित्याने मुलीस कोपऱ्यात न बसविता शिकविले, आणि त्या विदुषीने १९०९ साली श्राविकाश्रमाची स्थापना केली, जो पुढे मुंबईत स्थिरावला. सोलापूरच्या श्राविकाश्रमाचे कार्य पंडिता सुमतीबाई शहा यांनी पुढे वटवृक्षासारखे वाढविले. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने १९०१ साली जैन बोर्डिंग निघाले. तेथे राहून गेलेल्या भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्थेची स्थापना करून बहुजन समाजाच्या मुलांना शाळेचे दार उघडले.

अनाथ बालिकाश्रम आणि श्राविकाश्रम यांची मुळे एकाच दुःखात आहेत. विधवा झालेल्या मुलीस जगण्याचे प्रयोजन द्यावयाचे, तिच्या हाती विद्या द्यावयाची आणि त्या विद्येतून तिने इतरांना उभे करावयाचे, हीच दिशा दोन्हींची होती. चतुर्विध संघात श्राविकेस स्वतंत्र स्थान आहे. ते स्थान पूजेच्या मंडपापुरते न राहता शाळेच्या वर्गापर्यंत पोहोचले, ते अशा स्त्रियांमुळे.

आजच्या काळासाठी

महर्षी कर्व्यांना १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी त्यांचे निधन झाले. ‘संस्कृता स्त्री पराशक्तिः’ हे ब्रीद मिरविणाऱ्या त्यांच्या विद्यापीठाने २०१६ साली शताब्दी पूर्ण केली. चर्चगेट, जुहू आणि पुणे येथील त्याच्या आवारांत आज कला-वाणिज्यापासून तंत्रशिक्षणापर्यंत अनेक अभ्यासक्रम शिकविले जातात. मातृभाषेतून उच्च शिक्षण हा १९१६ सालचा आग्रह २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पुन्हा उमटला आहे. एकशे चार वर्षांनी देशाने त्याच प्रश्नाकडे पुन्हा वळून पाहिले.

या इतिहासातून शिक्षणकार्यासाठी दान देणाऱ्या आणि ते सांभाळणाऱ्या विश्वस्त मंडळांनी घेण्याजोगे तीन बोध आहेत. पहिला, संस्थेचा पाया लहान देणगीदारांवर असावा. मोठी देणगी हा कळस आहे, पाया नव्हे. वर्गणीदारांचे चोपडे तयार नसते तर पंधरा लाख रुपये देण्यास ठाकरसींना संस्थाच दिसली नसती. दुसरा, दान देताना आणि घेताना अटी स्पष्ट शब्दांत लिहाव्यात, कारण दाता आणि कार्यवाह दोघेही नश्वर आहेत, कागद मात्र मागे राहतो. तिसरा, मुद्दल राखून व्याजावर कार्य चालवावे आणि हिशेब सर्वांसाठी उघडा असावा.

पालकांसाठीही यात एक कसोटी आहे. मुलीस वा मुलास विद्यापीठात घालताना मान्यतेचा दाखला अवश्य पाहावा. तिच्या अभावी गृहीतागमा स्त्रियांनी काय सोसले ते वर आलेच आहे. पण तेवढ्यावर न थांबता तेथे शिकविणारे कोण आहेत, ते किती वर्षे टिकून आहेत, ग्रंथालय कसे आहे, आणि तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी पुढे काय केले, हेही विचारावे. हिंगण्याजवळ दाखवावयास इमारत नव्हती, कायदा नव्हता, प्रशस्त आवार नव्हते. ज्यांच्यासाठी विद्यापीठ असते त्या विद्यार्थिनी होत्या आणि ज्यांच्यामुळे ते चालते ते शिक्षक होते. पहिल्या वर्षी विद्यार्थिनींची संख्या पाच होती, आणि विद्यापीठ म्हणवून घेण्यास ती त्यांना पुरेशी वाटली.